कोर्टाची पायरी

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, अशी एक म्हण आपल्याकडे पूर्वापार चालत आली आहे. ज्यांनी ती प्रचारात आणली ते लोक भित्रे नव्हते, हिशेबी होते. शंभर रुपयांच्या येण्यासाठी दावा लावावा, तर वकिलाचे शुल्क, मुद्रांक, साक्षीदारांचा भत्ता आणि जिल्ह्याच्या गावी घातलेल्या खेपा मिळून दोनशे रुपये उडावेत, आणि निकाल लागेपर्यंत पाळण्यातले मूल शाळेत जाऊ लागावे, असा त्यांचा अनुभव होता. म्हणून थोडक्या पैशांसाठी भांडत बसण्यापेक्षा ती रक्कम ‘बुडीत’ म्हणून वहीत लिहावी व आपल्या कामाला लागावे, असा पोक्त सल्ला वडीलधारी माणसे देत. सल्ला व्यवहाराचा होता. परंतु त्यात एक गोम होती. थोडक्या पैशांची फसवणूक करणाऱ्यालाही ही म्हण ठाऊक असते. किंबहुना तिच्याच भरवशावर त्याचा धंदा चालतो. लाखाला गंडा घातला तर लोक पाठ सोडणार नाहीत, पण पाच-दहा हजारांसाठी कोणी शहाणा मनुष्य कोर्टाची पायरी चढणार नाही, हे तो पक्के जाणून असतो.

ही अडचण राज्यकर्त्यांच्या ध्यानी आली नव्हती असे नाही. इंग्रजी अमदानीत मुंबई, कलकत्ता व मद्रास या शहरांतील लहान दाव्यांसाठी १८८२ साली, आणि इतर मुलखासाठी १८८७ साली, स्मॉल कॉज कोर्टांचे कायदे करण्यात आले. मराठीत या कोर्टांना लघुवाद न्यायालये म्हणतात. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे हे उच्च न्यायालयात जाण्यापूर्वी, १८८४ साली, पुण्याच्या अशाच एका न्यायालयाचे न्यायाधीश झाले होते. पुढे १९१३ साली अमेरिकेतील क्लीव्हलँड शहराच्या न्यायालयात लहान रकमांच्या तंट्यांसाठी एक निराळी शाखा उघडण्यात आली. पक्षकाराने वकिलावाचून उभे राहावे, आपले गाऱ्हाणे साध्या भाषेत सांगावे व न्यायाधीशाने शक्य तर दोघांत समेट घडवून आणावा, अशी तिच्यामागील कल्पना होती.

आपल्या देशात ही कल्पना खऱ्या अर्थाने घरोघर पोहोचली ती ग्राहकांच्या चळवळीमुळे. १५ मार्च १९६२ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी यांनी आपल्या संसदेला पाठविलेल्या संदेशात ग्राहकाचे चार हक्क सांगितले होते. त्यांतील शेवटचा हक्क, आपले म्हणणे ऐकले जाण्याचा, हा होता. महाराष्ट्रात बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायतीची स्थापना केली. पुढे संसदेने ग्राहक संरक्षण कायदा केला व २४ डिसेंबर १९८६ रोजी त्यास राष्ट्रपतींची संमती मिळाली. हा दिवस आता राष्ट्रीय ग्राहक दिन म्हणून पाळला जातो. त्या कायद्याच्या जागी २०१९ सालचा नवा कायदा २० जुलै २०२० पासून अमलात आला. या कायद्यान्वये स्थापन झालेल्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगापुढे सामान्य मनुष्य स्वतः उभा राहू शकतो.

तेथे तक्रार कशी चालते हे ध्यानी यावे म्हणून पुढील हकीगत रचून सांगितली आहे. माणसे कल्पित आहेत. कायद्याच्या गोष्टी मात्र खऱ्या आहेत.

सातारा जिल्ह्यातील एका गावात एक शिक्षिका राहत असत. पसरणीच्या घाटावरील एका शाळेत त्या विज्ञान शिकवीत. सारे गाव त्यांना ‘बाई’ म्हणूनच ओळखे, म्हणून आपणही तसेच म्हणू. बाईंजवळ एक जुनी लहान मोटार होती. रोज घाट चढून शाळेत जायचे व संध्याकाळी उतरून यायचे, एवढेच त्या मोटारीचे काम. २०२३ च्या जून महिन्यात मोटार चढावर कुंथू लागली. बाईंनी ती गावातल्या एका गॅरेजात नेली. गॅरेजच्या मालकांनी बॉनेट उघडले, एक फेरी मारून पाहिली आणि सांगितले, “बाई, क्लच गेला. पूर्ण सेट नवा घालावा लागेल. तुम्ही घाटात गाडी नेता, जोखीम घेऊ नका.”

क्लच म्हणजे काय, हे येथे थोडक्यात सांगितले पाहिजे. कारण सारा तंटा त्याच्याच पोटात दडलेला आहे. इंजिनाची शक्ती चाकांकडे पोहोचवायची, आणि गिअर बदलताना ती क्षणभर तोडायची, हे क्लचचे काम. त्यासाठी इंजिनाबरोबर फिरणारे जड चक्र व एक दाबपट्ट यांच्यामध्ये एक पातळ तबकडी घट्ट दाबून धरलेली असते. तिला क्लच प्लेट म्हणतात. तबकडीच्या दोन्ही अंगांना घर्षण व्हावे म्हणून एक खरखरीत अस्तर रिव्हेटांनी जडविलेले असते. वापराने हे अस्तर झिजते. ते पुरते झिजले म्हणजे रिव्हेटांची डोकी वर येतात, पकड सुटते आणि तबकडी घसरू लागते. मग इंजिन मोठ्याने ओरडते, जळका वास येतो. पण मोटार काही पुढे सरकत नाही. चांगली क्लच प्लेट हजारो किलोमीटर टिकते. ती एका महिन्यात झिजत नाही.

गॅरेजवाल्यांनी दोन दिवस मोटार ठेवून घेतली व १५ जून रोजी परत दिली. बिल झाले ९,४०० रुपयांचे. बाईंनी पावती मागितली तेव्हा मालक हसून म्हणाले, “घरचीच माणसे आहात, पावती कशाला?” बाई म्हणाल्या, “घरच्या हिशेबालाही कागद लागतो.” तेव्हा त्यांनी पावती फाडली. तीवर ‘क्लच सेट नवीन’ असे लिहून मोटारीने तोवर तोडलेल्या किलोमीटरांचा आकडाही घातला. पावती देण्याचे नाकारणे हीच मुळी २०१९ च्या कायद्याप्रमाणे अनुचित व्यापारी प्रथा ठरते. बाईंना हे तेव्हा माहीत नव्हते, पण सवय चांगली होती. “काढलेले जुने भाग द्या,” असेही त्यांनी म्हटले. त्यावर “ते भंगारात गेले” असे उत्तर मिळाले. येथे त्यांच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. परंतु मोटार ठीक चालत होती, म्हणून त्या गप्प राहिल्या.

८ जुलैला आषाढाचा पाऊस कोसळत होता. बाईंच्या मातोश्री वयाने पंचाहत्तरीच्या पुढे गेलेल्या. त्यांना पाचगणीस बहिणीकडे पोहोचवावयाचे होते. पसरणी घाटातील एका अवघड वळणावर इंजिन एकाएकी ओरडू लागले आणि मोटार जागच्या जागी थबकली. पाठीमागून एस.टी. चढत होती. बाईंनी करकचून ब्रेक दाबला, तरी ओल्या रस्त्यावर मोटार हातभर मागे आलीच. एस.टी.च्या वाहकाने खाली उडी मारून मागच्या चाकाला दगड लावला म्हणून पुढचा अनर्थ टळला. मातोश्रींना एस.टी.त बसवून, लोकांच्या मदतीने मोटार वळवून, बाई केवळ ब्रेकच्या आधाराने घाट उतरल्या.

त्यांनी गॅरेजवाल्यांना फोन केला. “नवा क्लच बसायला वेळ लागतो,” ते म्हणाले. “गाडी आणून सोडा. चारेक हजारांत करून देऊ.” नव्या भागासाठी पुन्हा पैसे का, याचे उत्तर त्यांनी दिले नाही.

गावात दुसरे एक वृद्ध मिस्त्री होते. झाडाखाली त्यांचे छोटेसे दुकान. बाईंनी मोटार त्यांच्याकडे नेली. पण लगेच उघडू दिली नाही. त्यांनी पहिल्या गॅरेजवाल्यांना मोबाइलवर संदेश पाठविला: ‘उद्या सकाळी दहा वाजता मिस्त्रींच्या दुकानी गाडी उघडणार आहोत. आपण समक्ष यावे.’ संदेश वाचल्याची खूण उमटली. दुसऱ्या दिवशी साडेदहापर्यंत वाट पाहिली. कोणी आले नाही. मग मिस्त्रींनी गिअरबॉक्स उतरवून आतली तबकडी बाहेर काढली व फडक्याने पुसून बाईंच्या पुढे धरली. अस्तर कागदासारखे पातळ झाले होते आणि रिव्हेटांची डोकी उघडी पडून चकाकत होती. दाबपट्टावर त्या रिव्हेटांनी खोल ओरखडे पाडले होते.

“बाई, ही तबकडी महिन्याची नव्हे,” मिस्त्री म्हणाले. “हिने वर्षे काढली आहेत. बेअरिंग तेवढे नवे दिसते. बाकी सारे जुनेच.”

बाईंनी प्रत्येक भागाची छायाचित्रे घेतली. मोटारीच्या आकड्यावरून पहिल्या दुरुस्तीनंतर ती अवघी ६४० किलोमीटर चालली होती. नवा क्लच बसविण्यास ८,७०० रुपये लागले. त्याची पावती घेतली, जुनी तबकडी व दाबपट्ट वर्तमानपत्रात गुंडाळून घरी आणला, आणि मग घरात चर्चा सुरू झाली.

बाईंचे थोरले बंधू व्यवहारी गृहस्थ. त्यांनी प्रथम तीच म्हण सुनावली. बाई म्हणाल्या, “दादा, पैसे गेले याचे मला फारसे वाटत नाही. पण त्या वळणावर आई मागे बसली होती. उद्या दुसऱ्या कोणाची आई बसेल.” यावर दादा काही बोलले नाहीत, पण सातारला जाऊन आयोगाच्या कचेरीतून माहिती मात्र तेच घेऊन आले.

माहिती ऐकून दोघांनाही नवल वाटले. ज्या सेवेसाठी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत आहे तिच्या तक्रारीला शुल्क पडत नाही. वकील नेमण्याची सक्ती नाही. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ती दाखल केली पाहिजे. आपण राहतो त्याच जिल्ह्यात ती देता येते. विक्रेता किंवा कारागीर परगावचा असला तरी त्याच्या गावी धावावे लागत नाही. तक्रार संगणकावरूनही दाखल होते. आणि आयोगाकडे जाण्यापूर्वी सल्ला हवा असेल तर १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक साहाय्यवाणी आहे. एवढे दार उघडे असता लोक तेथवर पोहोचत नाहीत, याचे कारण दाराची माहिती नसणे, आणि कागद जपून न ठेवणे, ही दोन असावीत असे वाटते.

बाईंनी प्रथम गॅरेजवाल्यांना स्पीड पोस्टाने एक नोटीस पाठविली. तीत शिवीगाळ नव्हती, धमकी नव्हती. काय घडले, किती पैसे दिले व पंधरा दिवसांत काय अपेक्षित आहे, एवढेच होते. उत्तर आले नाही. पोचेचा कागद त्यांनी जपून ठेवला व तक्रार लिहावयास घेतली.

तक्रारीचा मसुदा वाचून दादा म्हणाले, “बेअरिंग नवे होते हे कशाला लिहिलेस? त्यांच्याच फायद्याची गोष्ट तू आपल्या हाताने सांगतेस.”

“खरे आहे म्हणून लिहिले,” बाई म्हणाल्या. “मिस्त्रींनी ते माझ्यासमोर सांगितले. मी तेवढे गाळले तर माझ्या आणि त्यांच्या पावतीत फरक काय राहिला?” वाक्य तसेच राहिले. पुढे त्याचा काय उपयोग झाला तो दिसेलच.

खरी अडचण मिस्त्रींची होती. त्यांनी जे पाहिले ते शपथपत्रावर लिहून दिल्यावाचून तक्रारीला बळ येणार नव्हते. शपथपत्र म्हणजे शपथेवर केलेले लेखी कथन; ते खोटे ठरल्यास लिहिणारा शिक्षेस पात्र होतो. बाई त्यांच्याकडे गेल्या तेव्हा ते बराच वेळ हातातील पान्याशी चाळा करीत बसले. ते दोघे एकाच गावचे, एकाच धंद्यातले. अडीअडचणीला त्यांना त्याच गॅरेजातून जॅक उसना आणावा लागे. सुट्या भागांचा दुकानदारही दोघांचा एकच.

“बाई, पाण्यात राहून माशाशी वैर कसे करू?” ते म्हणाले.

बाईंनी आग्रह केला नाही. त्या उठून निघाल्या तेव्हा मिस्त्रींनीच त्यांना थांबविले. “माझी एक अट आहे. त्याने फसवले, असे मी लिहिणार नाही. ते मी पाहिलेले नाही. मी गाडी उघडली, आत काय सापडले, तेवढेच लिहीन. जास्त नाही, कमी नाही.”

मुलांनो, मिस्त्री शाळा फारशी शिकलेले नव्हते. परंतु साक्ष कशी द्यावी हे पुष्कळ शिकलेल्या लोकांना कळत नाही ते त्यांना कळले होते. झिजलेली तबकडी त्यांच्या डोळ्यांनी पाहिली होती. ती तेथे का राहिली, गॅरेजवाल्यांच्या मनात काय होते, हे त्यांनी पाहिले नव्हते. पाहिलेले सांगणे हे साक्षीदाराचे काम, आणि त्यावरून अनुमान काढणे हे न्याय देणाऱ्याचे.

ऑगस्ट २०२३ अखेरीस तक्रार दाखल झाली. आयोगाने गॅरेजवाल्यांना नोटीस पाठविली. अशा नोटिशीला तीस दिवसांत लेखी उत्तर द्यावे लागते. आयोगाने मुदत वाढविली तरी ती आणखी पंधराच दिवस वाढते, त्यापुढे नाही. गॅरेजवाल्यांचे उत्तर बेचाळिसाव्या दिवशी आले. त्यांचे म्हणणे असे की, क्लच नवाच घातला होता. परंतु बाई पेडलवर सतत पाय ठेवून गाडी चालवितात, म्हणून तो झिजला. शिवाय दुसऱ्या मिस्त्रींनी आतला नवा भाग काढून जुना दाखविला नसेल कशावरून?

हे उत्तर वाचून दादांना फार संताप आला. पण तसे उत्तर देण्याचा त्यांना पूर्ण अधिकार होता. ज्याच्यावर आरोप आहे त्याचे ऐकून घेतल्याशिवाय निकाल द्यायचा नाही, हा न्यायाचा पहिला नियम आहे. आणि पेडलवर पाय ठेवल्याने क्लच लवकर झिजतो, हेही खोटे नव्हे.

पहिल्याच तारखेस आयोगाने समेट होतो का, ते पाहिले. गॅरेजवाले तीन हजार रुपये देऊ म्हणाले. “भाग बदलले नव्हते असे लिहून देत असाल तर मी विचार करीन,” असे बाई म्हणाल्या. ते त्यांना मान्य झाले नाही. मग तारखा पडू लागल्या. जेथे मालाची प्रयोगशाळेत तपासणी करावी लागत नाही अशी तक्रार शक्य तो तीन महिन्यांत निकालात काढावी, अशी कायद्याची इच्छा आहे. प्रत्यक्षात काम तुंबलेले असते. बाईंच्या तक्रारीला चौदा महिने लागले. कधी समोरचा पक्ष आला नाही, कधी वेळ पुरला नाही. चार वेळा त्यांना शाळेतून रजा काढावी लागली. स्वस्त न्यायही अगदी फुकट मिळत नाही. त्याची किंमत सवडीने मोजावी लागते.

अखेरच्या सुनावणीस आयोगाचे अध्यक्ष व सदस्य बसले होते. बाईंना काळा झगा घातलेल्या वकिलांसमोर बोलण्याची सवय नव्हती. परंतु पन्नास मुलांच्या वर्गापुढे बोलण्याची सवय होती. त्यांनी तारखांच्या क्रमाने हकीगत सांगितली आणि प्रत्येक वाक्याबरोबर एकेक कागद पुढे ठेवला. शेवटी वर्तमानपत्राचा पुडका सोडून ती तबकडी मेजावर ठेवली.

गॅरेजवाल्यांच्या वकिलांनी पेडलचा मुद्दा मांडला. एका सदस्यांनी विचारले, “पाय ठेवला असे धरले, तरी नव्या प्लेटचे अस्तर ६४० किलोमीटरांत रिव्हेटपर्यंत झिजते काय?” वकील म्हणाले, “घाटाचा रस्ता आहे.” सदस्यांनी पुढे विचारले, “मग नव्यानेच बसविलेल्या दाबपट्टावर एवढे खोल ओरखडे कसे?” याला उत्तर मिळाले नाही.

अध्यक्षांनी निराळाच प्रश्न केला. “आपण नवा सेट बसविला, तर तो कोठून तरी विकत घेतला असेल. त्याचे बिल आहे?”

बिल होते. गॅरेजवाल्यांनी ते मोठ्या उत्साहाने सादर केले. अध्यक्षांनी ते वाचले, बाईंच्या पावतीवर नजर टाकली, पुन्हा ते वाचले, आणि दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. मोटार १५ जूनला परत दिलेली होती. क्लच सेट विकत घेतल्याची तारीख होती १९ जून.

सभागृहात काही क्षण कोणी बोलले नाही. नंतर वकील म्हणाले की, माल आधी आणला व बिल मागाहून केले असेल. दुकानदाराचे तसे शपथपत्र आणले आहे काय, असे विचारता ते नव्हते. भाग बदलून दाखविल्याचा आरोपही टिकला नाही. मोटार उघडण्यापूर्वी समक्ष येण्याचा निरोप देऊनही आपण का आला नाही, यावर गॅरेजवाल्यांनी ‘कामात होतो’ एवढेच उत्तर दिले.

ऑक्टोबर २०२४ मध्ये निकाल लागला. सेवेत त्रुटी व अनुचित व्यापारी प्रथा, या दोन्ही गोष्टी आयोगाने सिद्ध धरल्या. मिस्त्रींच्या शपथपत्रात अतिशयोक्तीचा लवलेश नाही, आणि तक्रारदाराने समोरच्या पक्षाला अनुकूल असलेली बेअरिंगची गोष्ट स्वतःहून सांगितली आहे, म्हणून त्यांच्या कथनावर विश्वास ठेवण्यास हरकत नाही, असे निकालपत्रात नमूद होते. बेअरिंगचे व ते बसविण्याचे मिळून १,२०० रुपये वजा करून उरलेले ८,२०० रुपये तक्रार दाखल झाल्यापासून नऊ टक्के व्याजाने परत करावेत, मानसिक त्रासापोटी ५,००० व तक्रारीच्या खर्चापोटी ३,००० रुपये द्यावेत, आणि हे सारे पंचेचाळीस दिवसांत करावे, असा आदेश झाला.

बाईंच्या दोन मागण्या मात्र नामंजूर झाल्या. नुकसानभरपाई म्हणून त्यांनी ४०,००० रुपये मागितले होते. प्रसंग धोक्याचा असला तरी इजा झालेली नाही, म्हणून एवढी रक्कम देता येत नाही, असे आयोगाने म्हटले. दुसऱ्या दुरुस्तीचे ८,७०० रुपयेही मिळाले नाहीत. बाईंना प्रथम हे अन्यायाचे वाटले. परंतु आयोगाचे कारण विचार करण्याजोगे आहे. मोटारीचा क्लच खरोखरच झिजला होता. नवा क्लच त्यांना एकदा घ्यावाच लागणार होता. पहिले पैसे परत मिळाल्यावर दुसरेही दिले, तर नवा क्लच त्यांना फुकट मिळाल्यासारखे झाले असते. ज्याची हानी झाली त्याची हानी भरून काढावी, त्याला नफा करून देऊ नये, असा हा हिशेब आहे. विज्ञानाच्या शिक्षिकेला तो पटायला फार वेळ लागला नाही.

गॅरेजवाल्यांना राज्य आयोगाकडे पंचेचाळीस दिवसांत अपील करता आले असते. त्यासाठी आदेशातील निम्मी रक्कम आधी भरावी लागते. त्यांनी अपील केले नाही. जिल्हा आयोगाचा आदेश न पाळल्यास एक महिन्यापासून तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा पंचवीस हजारांपासून एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात, हे त्यांच्या वकिलांनी त्यांना समजावले असावे. चाळिसाव्या दिवशी सुमारे सतरा हजार रुपयांचा धनाकर्ष बाईंच्या घरी आला. सोबत चिठ्ठी नव्हती.

मिस्त्रींना जॅक उसना मिळणे बंद झाले ते मात्र कायमचेच. बाईंनी त्यांना नवा जॅक घेऊन देऊ केला, तो त्यांनी घेतला नाही. दोन महिन्यांनी स्वतःच्या पैशांनी घेतला. त्यांच्याकडे दुरुस्तीला आलेल्या गाडीच्या मागच्या बाजूला आता काढलेले जुने भाग वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेले असतात. गिऱ्हाइकाने मागितले नाहीत तरी.

ती तबकडी बाईंनी शाळेच्या प्रयोगशाळेत नेऊन ठेवली आहे. घर्षणाचा पाठ आला म्हणजे ती वर्गात फिरते. रिव्हेटांच्या उघड्या डोक्यांवरून बोट फिरवीत मुले विचारतात, “बाई, ही एवढी कशाने झिजली?” बाई फळ्यावर आकृती काढू लागतात.